ओढलेला हँडब्रेक

१

अकरा वर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीची मागची चाके फिरत नाहीत, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. ती का फिरत नाहीत हे कळले, तेव्हा मात्र निवृत्त निदेशकांना लाँड्रीच्या शेडमधल्या पालथ्या टबावर बसावे लागले.

चौतीस वर्षे तंत्रशाळेत वाहनदुरुस्ती शिकवलेला हा माणूस पद्धतीचा पक्का होता. बंद पडलेली गाडी पुन्हा जिवंत करायची, तर तिचे इंजिन शेवटी सुरू करायचे. आधी ती थांबते का हे पाहायचे, असा त्यांचा दंडक होता. म्हणून त्या सकाळी त्यांनी इंजिनाला हातही लावला नाही. लाँड्रीतले दोन धट्टेकट्टे कामगार बोलावले आणि गाडी ढकलायला सांगितली. पुढची चाके कुरकुरत का होईना, हलली. मागची दोन्ही घट्ट. जमिनीला खिळे ठोकून बसवल्यासारखी.

निदेशकांनी चालकाच्या बाजूचे दार उघडले. आत उंदरांचा वास होता. हँडब्रेकची दांडी शेवटच्या दात्यापर्यंत वर ओढलेली होती आणि तिच्या खाचेत गंज साठला होता. गिअर न्यूट्रलमध्ये होता. त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिले. चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे सुतळीने बांधून हुकावर टांगलेले होते, आणि त्यांच्यावर अकरा वर्षांची धूळ होती.

"काय झालं सर?" एका कामगाराने विचारले. "गाडी गेली का कामातून?"

"गाडीला काही झालेलं नाही," निदेशक म्हणाले. "तुम्ही जा."

अकरा वर्षांपूर्वी, पावसाचा सातवा दिवस चालू असताना, संध्याकाळी पुलाजवळच्या वळणावर एका गाडीने खांबावरून उतरणाऱ्या वायरमनला शिडीसकट उडवले. गाडी थांबली नाही. वायरमन तिसऱ्या दिवशी गेला. रस्त्यावर हेडलाइटच्या काचेचे तुकडे सापडले. पोलिसांनी ते तुकडे तंत्रशाळेत आणले आणि निदेशकांना याच शेडमध्ये, याच गाडीसमोर उभे केले. त्यांनी दोन तास खपून तुकडे दिव्याच्या कड्यात उरलेल्या काचेशी जुळवले आणि सांगितले, काच याच गाडीची आहे. ते बरोबर होते. गाडी लाँड्रीची, तेव्हा गुन्हा लाँड्रीच्या चालकाचा, एवढी बेरीज बाकीच्यांनी करून टाकली. चालकाला तीन वर्षे तुरुंग झाला आणि लायसन्स कायमचे गेले.

तो चालक निदेशकांचाच विद्यार्थी होता. चाकातला ब्रेकचा ड्रम ओला असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी केली, की आतल्या पट्ट्या ड्रमला चिकटून बसतात. म्हणून पावसाळ्यात गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, चाकाखाली ठोकळा द्यावा आणि हँडब्रेकला हात लावू नये, हा धडा तो पहिल्या वर्षी विसरला होता. निदेशकांनी त्याला दोन्ही हातांत ठोकळे देऊन तासभर उभे केले. पुढे तो एवढा कट्टर झाला, की साधी सायकल उभी करतानाही चाकाखाली दगड शोधायचा. वर्गाने त्याचे नाव ठेवले ठोकळ्या. ते नाव त्याला आयुष्यभर पुरले.

शेडच्या दोन दारांच्या फटीवर पोलिसांची कागदी पट्टी होती. ती चिकटवताना निदेशक तिथे हजर होते, आणि पोलिसांनी आतली गाडी तसूभरही हलवली नव्हती. खटला संपला, गाडी सोडल्याचा कागद आला, पण दार कुणी उघडले नाही. आज सकाळी लाँड्रीवाल्यांच्या सूनबाईंनी नखाने फाडली, तेव्हा ती पट्टी जीर्ण असली तरी अखंड होती.

म्हणजे त्या संध्याकाळी ज्याने गाडी आणून उभी केली, त्याच्या हाताचे काम आजही जसेच्या तसे समोर होते. आणि तो हात ठोकळ्याचा नव्हता.

२

ठोकळ्या आता लाकडाच्या वखारीच्या फाटकावर होता. दिवसभर दुसऱ्यांच्या ट्रकसाठी फाटक उघडायचे आणि लावायचे. निदेशकांना पाहून तो खुर्चीवरून उठला नाही.

"नमस्कार करू, की पाया पडू?" तो म्हणाला. "तंत्रशाळेत दोन्ही शिकवलं नव्हतं."

"लाँड्रीची गाडी उघडली," निदेशक म्हणाले.

"उघडा की. मला काय सांगता? फुलं वाहायला येऊ?"

"त्या दिवशी तू गाडी कशी उभी केली होतीस?"

ठोकळ्या हसला. त्या हसण्यात गोडवा औषधालाही नव्हता.

"अकरा वर्षांनी विचारताय? मी कोर्टात सांगितलं होतं सर. साडेपाचला गाडी आत घेतली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, ठोकळे लावले, किल्ली काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली आणि पावसात चालत घरी गेलो. ठोकळ्यांचं सांगितलं तेव्हा वकील हसला. जज्ज हसले. तुम्ही पुढच्या बाकावर बसला होता. तुम्ही नाही हसलात. पण बोललाही नाहीत."

"मला फक्त काचेबद्दल विचारलं होतं."

"आणि तुम्ही फक्त काचेबद्दल सांगितलंत. शंभर टक्के मार्क." त्याने हॉर्न देणाऱ्या ट्रककडे बोट केले. "तो बघा, बारा चाकी. समोरून आला की माझे पाय आपोआप क्लच दाबतात, या खुर्चीत बसून. दर वर्षी लायसन्ससाठी अर्ज करतो. दर वर्षी एकच उत्तर येतं, गुन्हा शाबीत. तुम्हाला काय पाहिजे ते बोला आणि निघा."

"हँडब्रेक ओढलेला आहे," निदेशक म्हणाले. "ठोकळे हुकावर आहेत."

ठोकळ्या खुर्चीवरून उठला. त्याने फाटक उघडले, ट्रक आत सोडला, फाटक लावले आणि परत आला.

"हे तेव्हा दिसलं नाही तुम्हाला? तुम्ही गाडीपासून चार हातांवर होता."

"मी आत डोकावलोच नाही."

"मग आता कुणाला दाखवणार आहात? एका दांडीवर कोर्ट फिरेल? म्हणतील, घाबरला असेल, ओढला असेल." तो पुन्हा खुर्चीत बसला. "नाव आणा सर. दांड्या नकोत. नाव सापडेपर्यंत या फाटकावर तोंड दाखवू नका."

३

सूनबाई इस्त्रीच्या दालनात होत्या. वाफेच्या सहा इस्त्र्या, सहा टेबले, आणि सगळ्यांवर त्यांचा आवाज. गाडी सुरू करायची टूम त्यांचीच. नव्या हॉस्पिटलचे काम मिळाले होते आणि भाड्याच्या टेम्पोवाल्यांची मनमानी त्यांना नकोशी झाली होती.

"ब्रेक बघायला आणलं तुम्हाला, पंचनामा करायला नाही," त्या म्हणाल्या. हात मात्र थांबले नव्हते. एक चादर घेऊन त्यांनी तिची चार पदरी घडी घातली, थाप मारली, बाजूला सरकवली. "त्या संध्याकाळी मी इथेच होते. कपाळ बडवून घेत होते. इस्त्र्या गार पडल्या होत्या. वाफच नाही! हॉस्पिटलच्या चाळीस चादरी ओल्याच्या ओल्या. सासूबाईंनी झापलं कुणाला? मला. जणू मीच वाफ पिऊन बसले होते."

"किती वेळ वाफ नव्हती?"

"पाऊण तास तरी. मग आली. का नव्हती, का आली, या घरात सुनेला कोण सांगतं?"

"तुम्हाला तेव्हा गाडी चालवता येत होती?"

सूनबाईंनी इस्त्री खाडकन उभी केली. "सरळ विचारा ना, मी उडवलं का म्हणून! हो, त्याच वर्षी लायसन्स काढलं. स्कूटर आणि गाडी, दोन्ही. आमच्या यांनी ड्रायव्हिंग स्कूलचे तीस धडे केले आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. मग चाक कुणी धरायचं? या सहा बायकांना विचारा, मी हे दालन सोडलं होतं का. एवढं ओरडत होते, की अजून त्यांच्या कानात असेल."

सहाजणींपैकी चौघी तेव्हापासून कामावर होत्या. चौघींनीही माना डोलावल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून ते ओरडणे खरोखरच विसरण्याजोगे नसावे असे दिसत होते.

थोरल्या बाई, म्हणजे सूनबाईंच्या सासूबाई, पुढे काउंटरवर होत्या. सत्तरी ओलांडली तरी पाठ ताठ. नवरा गेल्यापासून लाँड्री त्यांच्या दराऱ्यावर चालत होती. निदेशकांच्या हाताला गाडीचे काळे लागले होते. बाईंनी एक फडके त्यांच्यासमोर टाकले. आडवे तीन पदर, उभे तीन पदर, चौकोनी, कडा जुळलेल्या. कापडाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली लाँड्रीची खूण घडीच्या आत होती.

"पुसा आणि माझा काउंटर सोडा," त्या म्हणाल्या. "ती गाडी मेलेली आहे. मेलेली राहू द्या. तिच्यापायी या दारात पोलीस आले होते."

"किल्ली इथेच असायची?"

"याच खिळ्याला. मी आत हिशोबाला बसले होते, कुणी नेली ते पाहिलं नाही. कोर्टात सांगितलंय."

"आणि तुमचे चिरंजीव?"

"चार ते आठ बॉयलरपाशी. तेही सांगितलंय."

"तुम्ही पाहिलं होतं?"

थोरल्या बाईंनी निदेशकांकडे असे पाहिले, की समोरच्याने आपण कपडे उलटे घातले आहेत की काय हे तपासावे. "पेटता बॉयलर सोडून कुणी जात नाही, मास्तर. तुम्हाला ठाऊक असायला हवं."

निदेशकांनी फडके परत ठेवले. प्रश्नाचे उत्तर आले नव्हते, हे त्यांनी मनात टिपून ठेवले.

४

बॉयलरच्या खोलीत मालक, म्हणजे थोरल्या बाईंचे चिरंजीव, एकटेच होते. चष्म्याच्या काचा बोटभर जाड. ते डाव्या हाताने झडप फिरवत होते आणि मोजमापाच्या तबकडीकडे इतक्या जवळून पाहत होते, की नाक भाजेल असे वाटावे.

"बायकोला खूळ लागलंय," ते वळून न पाहता म्हणाले. "तुम्ही शहाणे आहात. सांगा तिला, इंजिन जाम आहे, काही होत नाही. मी भंगारवाल्याला उद्या दुपारी बोलावलंय."

"इंजिन जाम असेलच असं नाही. उद्या सकाळी आसन उघडून सिलिंडरमध्ये तेल सोडतो. हाताने फिरेल."

मालकांचा हात झडपेवर थांबला. "उद्या दुपारी," ते पुन्हा म्हणाले.

भिंतीवर एका फळीवर काचेच्या सहा नळ्या कापसात गुंडाळून ओळीने ठेवल्या होत्या. बॉयलरमधले पाणी किती आहे हे बाहेरून दाखवणारी अशीच एक नळी बॉयलरच्या अंगावर बसवलेली होती.

"सहा सहा जादा?" निदेशकांनी विचारले. "एक पुरते."

"फुटली तर काम थांबतं. आग दाबावी लागते, वाफ बंद करावी लागते. दुकानातून दुसरी आणेपर्यंत सगळे हात जोडून बसतात."

"फुटली होती कधी?"

"एकदा."

"केव्हा?"

"आठवत नाही," मालक म्हणाले, आणि झडप इतक्या जोरात आवळली की पाइप करकरला. "तुम्ही गाडी दुरुस्त करायला आलात ना? मग माझ्या बॉयलरला कशाला हात घालता? निघा."

निदेशक निघाले. पण त्या उत्तरातला राग त्यांना गाडीतल्या गंजापेक्षा ताजा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ठरल्यापेक्षा तासभर आधी शेडमध्ये आले. या जातीच्या गाडीत इंजिन चालकाच्या आसनाखाली असते. त्यांनी आसनाचे चार बोल्ट सोडवले, प्लग काढले, सिलिंडरमध्ये तेल सोडून मुरू दिले आणि इंजिनाच्या पुढच्या चाकाला पाना लावून हळूच जोर दिला. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा आत कुठेतरी, झोपेत कूस बदलावी तसा आवाज झाला, आणि अकरा वर्षांनी इंजिन एक वेढा फिरले. अशा क्षणी निदेशकांना नेहमी आनंद होत असे. आज झाला नाही, कारण आसन बाजूला ठेवताना त्यांना बॅटरीच्या खोबणीत काहीतरी दिसले होते.

आसनाच्या फटीतून आत सरकवलेले ते एक फडके होते. उंदरांनी एक कोपरा कुरतडला होता, पण बाकीचे फडके शाबूत होते आणि लाकडाच्या फळीसारखे ताठ झाले होते. आडवे तीन पदर, उभे तीन पदर, कडा जुळलेल्या.

निदेशकांनी ते उचलण्याआधी खोबणीतच त्याचे चार फोटो काढले. मग चिमट्याने एक कड उचलली. आत तपकिरी डाग होते, आणि डागांत रुतलेले काचेचे बारीक कण. कणांवर समांतर रेघा होत्या. हेडलाइटच्या काचेवरच्या त्या रेघा त्यांनी अकरा वर्षांपूर्वी दोन तास भिंगाखाली पाहिल्या होत्या.

कुणीतरी त्या संध्याकाळी फुटलेला दिवा पुसला होता. कदाचित स्वतःचा हातही. आणि नंतर ते फडके चुरगाळून फेकण्याऐवजी त्याची नीट घडी घालून ठेवली होती.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. भंगारवाला दुपारऐवजी सकाळीच आला होता.

५

"गाडीला हात लागला, तर मी पोलिसांना इथेच बोलावीन," निदेशकांनी भंगारवाल्याला सांगितले. तो बिचारा टेम्पोत जाऊन बसला. पाच मिनिटांत तिघेही घड्या घालण्याच्या मोठ्या टेबलाभोवती उभे होते: थोरल्या बाई, मालक आणि सूनबाई. निदेशकांनी कागद पसरला आणि त्यावर ते फडके ठेवले.

"अकरा वर्षांपूर्वी मी याच गाडीचा दिवा तपासला," ते म्हणाले. "माझी चूक ही, की मी दिव्यापाशी थांबलो. आज पुढचं सांगतो. गाडी शेवटची उभी करणाऱ्याने हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला ठेवला, ठोकळ्यांना हात लावला नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हेच शिकवतात. तुमचा चालक असं कधीच करत नसे."

"घाबरलेला माणूस काहीही करतो," मालक म्हणाले.

"उलट आहे. घाबरलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतात. आणि हात सवयीचंच काम करतात. तुमचा चालक घाबरला असता, तर ठोकळे दोनदा लावले असते. ज्याने हँडब्रेक ओढला, त्याचे हात वेगळं शिकलेले होते. ज्याने रक्त पुसलेल्या फडक्याची घडी घातली, त्याचेही. चालक कपडे पोचवायचा, घड्या घालायचा नाही. हे फडकं लाँड्रीत वाढलेल्या हाताचं आहे."

सूनबाई टेबलावर झुकल्या. मग हळूच सरळ झाल्या, आणि इतक्या वर्षांचे साठलेले सगळे त्यांच्या तोंडावर आले.

"मी चार पदरी घालते," त्या म्हणाल्या. "माझ्या सहाही बायका चार पदरी घालतात. तीन पदरी घडी या लाँड्रीत कोण घालतं, हे आंधळाही सांगेल. आई, ही तुमची घडी आहे."

"जीभ सांभाळ."

"काय चुकलं? त्या दिवशी काउंटरवर तुम्हीच होता. किल्ली तुमच्या डोक्यावर लटकत होती. आणि झापलं मला, वाफ नाही म्हणून!"

"मला सायकलसुद्धा येत नाही, मूर्ख मुली!"

"घडी तर येते! बघा ना, तुमचीच आहे!"

"माझी?" थोरल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि फडक्याकडे पाहिले. पन्नास वर्षे दुसऱ्यांच्या घड्यांतल्या चुका काढणारे डोळे ते; त्यांना थांबायला सांगायला वेळच मिळाला नाही. "ही माझी घडी? खूण बघ कुठे आहे. बाहेर! मी आयुष्यात कधी खूण बाहेर ठेवली नाही. दोरा अडकतो, कापड फाटतं. डाव्या हाताने सुरुवात केली की खूण बाहेर येते, हे सांगून सांगून माझा घसा बसला. पाच वर्षांचा होता तेव्हापासून बोटांवर पट्टी मारली, तरी हा..."

त्या थांबल्या.

इस्त्रीच्या दालनातून वाफेचा फुत्कार ऐकू येत होता. सूनबाईंनी मान वळवून नवऱ्याच्या डाव्या हाताकडे पाहिले.

निदेशकांनी आवाज चढवला नाही. "त्या संध्याकाळी पाऊण तास वाफ नव्हती," ते म्हणाले. "सूनबाईंनी काल सांगितलं. पेटता बॉयलर सोडून कुणी जात नाही, हे थोरल्या बाई म्हणाल्या ते खरं. म्हणजे बॉयलरची आग दाबलेली होती. पाण्याची नळी फुटली होती. दुकान सहाला बंद होतं आणि पुलापलीकडे आहे. चालक घरी गेलेला. पावसात चालत गेलं, तर दुकान बंद होणार. तीस धडे झालेले आहेत, किल्ली खिळ्याला आहे, कितीसं अंतर आहे? फक्त अंधारून आलेलं आहे, आणि डोळे अधू आहेत. तेव्हापासून फळीवर सहा नळ्या आहेत."

मालकांनी चष्मा काढला. त्याच्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम तरुण आणि निराधार दिसला.

"शिडी दिसली नाही मला," ते म्हणाले. "आवाज आला. मला वाटलं, पत्रा पडला."

"आणि नंतर?" निदेशकांनी विचारले.

"नंतर आरशात पाहिलं. तो हात हलवत होता." त्यांनी ओठ पुसले. "मदत मागत होता, का थांब म्हणत होता, मला कळलं नाही. नळी घेतली. परत लांबच्या रस्त्याने आलो. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण सकाळी पोलीस आले, आणि तुम्ही काच जुळवलीत, आणि त्यांनी त्याला धरलंसुद्धा. एवढं झटपट झालं! मला कुणी काही विचारलंच नाही."

"मीही विचारलं नाही," थोरल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ताठच होता, पण टेबलाची कड त्यांनी धरली होती. "इस्त्र्या गार पडल्या, तेव्हा मी बॉयलरच्या खोलीत गेले होते. तिथे कुणी नव्हतं. मी परत आले आणि सुनेला झापलं. कोर्टात शपथ घेतली. अकरा वर्षं याच्या पानात जेवण वाढलं आणि एकदाही विचारलं नाही."

"आई, तू..."

"गप्प बस. त्या ड्रायव्हरची बायको माझ्या काउंटरवर आली होती. माझ्या मुलांकडे बघा म्हणाली. मी तिला हाकललं." त्या निदेशकांकडे वळल्या. "काय लिहायचं ते लिहा. मी सही करते. आणि मग माझ्या दारातून बाहेर व्हा. तुम्ही काही देवमाणूस नाही. तेव्हा आत डोकावला असता, तर माझ्या तोंडून ही खोटी शपथ निघाली नसती."

निदेशकांनी लेखणी काढली.

सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी पदराने हात पुसले, खिळ्यावरून स्कूटरची किल्ली घेतली आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"चला, बसा मागे," त्या म्हणाल्या. "पोलीस चौकीपर्यंत मी नेते. तुम्हाला कुठे चालवता येतं."

६

गाडीच्या शेडला त्याच दिवशी नवी पट्टी लागली. गाडीचे इंजिन फिरते आहे, ब्रेक मात्र जसेच्या तसे ठेवायचे, असे निदेशकांनी पोलिसांना लेखी दिले. मालकांचा जबाब झाला. थोरल्या बाईंचा झाला. खटला पुन्हा उघडायचा, तर तेव्हाच्या तज्ज्ञ साक्षीदाराचेही निवेदन लागेल, असे वकिलाने सांगितले. निदेशकांनी ते रात्रभर खाडाखोड करून लिहिले आणि सकाळी वखारीच्या फाटकावर गेले.

तिथे पाच ट्रक ओळीने उभे होते. चालक खाली उतरून विड्या ओढत होते. ठोकळ्या वहीत नंबर लिहीत होता.

"नाव आणलं?" त्याने विचारले.

निदेशकांनी नाव सांगितले. ठोकळ्याने पेन वहीत ठेवले आणि वही मिटली.

"मालक," तो म्हणाला. "तुरुंगातून सुटलो तेव्हा रस्त्यात भेटला होता. माझ्या पोराच्या हातात सफरचंद दिलं होतं. मी म्हटलं, भला माणूस आहे." तो फाटकाच्या लोखंडाकडे पाहत होता. "मी आभार मानले होते त्याचे."

"हे माझं निवेदन," निदेशक म्हणाले. "कोर्टात जायच्या आधी तू वाचावंस."

"मी नाही वाचणार. तुम्ही वाचा."

"बरं." निदेशकांनी कागद उलगडला आणि हलक्या आवाजात सुरुवात केली.

"असं नाही," ठोकळ्या म्हणाला. "तेव्हा कोर्टात माइकवर बोलला होता तुम्ही. सगळ्या गावाने ऐकलं होतं." त्याने आपली खुर्ची फाटकाच्या मधोमध आणून ठेवली. "यावर चढा आणि मोठ्याने वाचा."

निदेशकांचे वय अडुसष्ट होते आणि गुडघे कुरकुरत होते. ते खुर्चीवर चढले. ट्रकचालकांनी विड्या खाली केल्या.

"मी, तंत्रशाळेचा निवृत्त निदेशक, प्रतिज्ञेवर सांगतो," त्यांनी वाचले, "की अकरा वर्षांपूर्वी मी फक्त दिवा तपासला. गाडी तपासली नाही. चालकाने आपण ती कशी उभी केली हे माझ्या समोर सांगितले. ते तपासणे मला चार पावलांवर शक्य होते. ती चार पावले मी टाकली नाहीत. माझ्या अर्ध्या तपासणीमुळे एका निरपराध माणसाला शिक्षा झाली."

ते पुढे वाचत राहिले. हँडब्रेक, गिअर, फडके, खूण. शेवटच्या ओळीखाली त्यांची सही होती. तीही त्यांनी वाचली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक चालक दुसऱ्याला हळूच विचारत होता, हा कोण, आणि तो कोण. निदेशक खाली उतरण्यासाठी आधार शोधू लागले, पण ठोकळ्याने हात पुढे केला नाही. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता आणि त्याचे डोळे ओले होते.

"उतरू नका," तो म्हणाला. "मागचे दोन ट्रकवाले आत्ता आले. त्यांनी नाही ऐकलं. पहिल्यापासून वाचा."

निदेशकांनी चष्मा सारखा केला, कागद पुन्हा पहिल्या पानावर आणला आणि वाचायला सुरुवात केली.